दोन मिमीचं ॲल्युमिनियम घरी जोडायचंय? आधी जोड कुठे येतोय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: "रत्नागिरीत राहतो. पडवीत लोखंडाची हौशी कामं करतो, ग्रिल, टेबल, छोटं गेट वगैरे. दोनशे अँपिअरचा स्टिकचा इन्व्हर्टर आहे. आईच्या व्हीलचेअरसाठी ओट्यावर चढवायला, लागेल तेव्हा मांडता येईल आणि उचलून ठेवता येईल असा ॲल्युमिनियमचा रॅम्प करायचाय. ओटा १५ सेंमी उंच. ५०×२५ चा २ मिमी जाडीचा चौकोनी पाइप बघून ठेवलाय, शिवाय जुन्या स्लायडिंग खिडक्यांचं सेक्शन पडून आहे. याच मशीनवर ॲल्युमिनियमचा रॉड लावून जमेल का? नाहीतर टिग घेऊ की स्पूल गन? आणि हात बसायला किती दिवस लागतील?"

आधी सरळ उत्तरं देतो. स्टिकवर, म्हणजे रॉड जळत जातो त्या साध्या वेल्डिंगवर, हे होणार नाही. मशीन घ्यायचंच तर एसी-डीसी टिग घ्या (टंगस्टनच्या टोकाने आर्क पेटतो, रॉड दुसऱ्या हाताने घालायचा), स्पूल गन (बंदुकीवरच्या रिळातून तार आपोआप सोडणारी) नको. लोखंडावर हात बसलेला असेल तर रविवारचे दोन-तीन महिने धरा. आणि ५०×२५ चा पाइप या कामाला घेऊ नका. हे तुम्ही विचारलं नव्हतं, पण माझ्या मते खरा मुद्दा हाच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

२००९ सालची गोष्ट. कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला माझं शेड होतं. एका रंगाऱ्याने ॲल्युमिनियमची शिडी आणली. पायरीजवळ उभ्या पट्टीला चीर गेली होती. "जरा आर्गन मारून द्या," म्हणाला, म्हणजे आर्गन वायूच्या आडोशात टिगने जोडून द्या. मी चीर उघडली, साफ केली आणि सगळीकडून वेल्ड फिरवला. खवले असे एकसारखे पडले होते की मीच दोनदा बघितले. चार महिन्यांनी तीच शिडी दुमडली. वेल्डवर नाही. वेल्डपासून अंगठाभर अंतरावर, जिथे मी हातही लावला नव्हता तिथे पट्टी कागदासारखी मुडपली आणि त्याचा घोटा मोडला. दवाखान्याचा खर्च मी दिला. त्यानंतर शिडी हातात घेतली नाही, आणि वेल्ड किती देखणा आला यापेक्षा तो कुठे आला हे आधी बघायला लागलो.

झालं होतं ते असं. कोयत्याला लोहार पाणी देतो, आणि तोच कोयता चुलीत पडला की पाणी उतरतं, धार राहत नाही. आपण वापरतो त्या ॲल्युमिनियमच्या पाइपलाही कारखान्यात असंच "पाणी" दिलेलं असतं. ६०६१, ६०६३ किंवा बाजारात ज्याला एचई-९, एचई-३० म्हणतात त्या जाती मॅग्नेशियम आणि सिलिकॉनच्या. डायमधून गरम बाहेर काढून लगेच थंड करतात आणि मग भट्टीत पावणेदोनशे अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. धातूच्या आत मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिशय बारीक कण तयार होतात आणि ताकद येते ती त्यांच्यामुळे. वेल्डच्या उष्णतेने हे कण विरघळतात किंवा फुगून निकामी होतात. जोडाच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ मिमीचा पट्टा मऊ पडतो. साध्या लोखंडी पाइपची ताकद अशी भट्टीतून आलेली नसते, म्हणून लोखंडावर काम केलेल्या माणसाला याची सवयच नसते. मलाही नव्हती.

आता तुमच्या रॅम्पचा हिशोब मांडू. एकास बारा हा उतार व्हीलचेअरसाठी सगळीकडे धरतात. ओटा १५ सेंमी म्हणजे लांबी १८० सेंमी. बसणारी व्यक्ती, खुर्ची आणि मागून ढकलणारा मिळून १५० किलो धरू. दोन बाजूपट्ट्या, म्हणजे एकीवर ७५ किलो. ते सगळं बरोबर मधोमध आलं असं मानू. प्रत्यक्षात थोडं पसरतं, पण आई बसणार असेल तिथे हिशोब कडकच बरा. ५०×२५×२ चा पाइप उभा ठेवला तर मधल्या भागात दर चौरस मिमीला सुमारे ९.४ किलो ताण येतो. ६०६३ चा टी-५ माल कायमचा वाकायला लागतो तो ११ किलोच्या थोडं पुढे. म्हणजे पाइप कोरा असेल तर कसाबसा तगेल. पण त्याच्या मधोमध आडवी पट्टी वेल्ड केली की तिथली हद्द साडेपाच किलोवर येते. ताण साडेनऊचा आणि हद्द साडेपाचची. पहिल्याच दिवशी रॅम्प बसणार.

हेच ७५×३८×२ च्या पाइपवर करून बघा. ताण चार किलोच्या आत येतो. मधला भाग न वेल्डता ठेवला तर पावणेतीन पट राखीव ताकद राहते. चुकून कुठे उष्णता लागलीच तरी पट्टी हद्दीच्या आत असते.

झुकाव बघा, तोही शिकवून जातो. ५०×२५ ची पट्टी मधोमध सुमारे १४ मिमी खाली जाईल. त्याच मापाची लोखंडी पट्टी ५ मिमी जाते, कारण ॲल्युमिनियमचा ताठपणा लोखंडाच्या एक तृतीयांशच. ७५×३८ ची ॲल्युमिनियमची पट्टी मात्र ४ मिमीच जाते, आणि तिचं वजन मीटरला १.२ किलोच्या आत. लोखंडी ५०×२५ मीटरला सव्वादोन किलोच्या जवळ. लोखंडाचं डिझाइन तसंच उचलून ॲल्युमिनियममध्ये करणारे इथेच फसतात. हलकं करायचं म्हणून पत्रा पातळ करू नका, सेक्शन उंच घ्या. हलकेपणा त्यातून मिळतो.

आता मशीन. ॲल्युमिनियमचे स्टिक रॉड मिळतात, खोटं नाही. सूतभर जाडीच्या पुढे, म्हणजे तीन-सव्वातीन मिमीच्या वर, अडल्या वेळी मीही वापरलेत. पण दोन मिमीवर रॉड पेटेपर्यंत भोक पडतं. रॉड दमट हवा पितो. वर जो चिकट मळ बसतो तो क्षारांचा असतो आणि गरम पाण्याने घासून काढला नाही तर नंतर धातू खात बसतो. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत तर त्याला आमंत्रणच.

तुमच्या इन्व्हर्टरला टॉर्च (हातात धरायची टिगची मूठ) जोडून डीसी टिग करता येतं, म्हणून तोही प्रश्न येईल. लोखंड आणि स्टेनलेससाठी जरूर करा. ॲल्युमिनियमसाठी नाही, आणि कारण समजून घ्या, म्हणजे मशीनवरची बटणं आपोआप कळतात. दुधावर साय धरते तशी ॲल्युमिनियमवर ऑक्साइडची कातडी असते. खालचा धातू ६६० अंशांना वितळतो, मिश्रधातू त्याही आधी. साय वितळायला दोन हजारांच्या वर लागतात. त्यामुळे आतलं दूध उकळतं, पण साय काही फाटत नाही, आणि दोन कडा शेजारी वितळूनही एकमेकींत मिसळत नाहीत. टंगस्टन धन केलं की आर्क ही साय उडवते, पण टंगस्टन स्वतःच वितळायला लागतं. टंगस्टन ऋण केलं तर उष्णता कामात जाते, पण आर्गनमध्ये सफाई होत नाही. एसीमध्ये दोन्ही आळीपाळीने होतं, अर्धा फेरा झाडू आणि अर्धा फेरा विस्तव. टिगची ही पद्धत मुळात अमेरिकेत नॉर्थ्रॉपच्या विमान कारखान्यात रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडायला काढली. १९४२ साली पेटंट मिळालं. त्यात हेलियम आणि डीसी होतं, एसी आणि आर्गनची जोडी नंतर जमली.

स्पूल गन वाईट नाही. लांबलचक सरळ जोड, ट्रॉलीची बॉडी, तीन मिमीच्या पुढचा माल असेल तर ती टिगच्या कितीतरी पुढे पळते. पण दोन मिमीच्या पाइपच्या कोपऱ्यात ती इतक्या वेगाने तार ओतते की नवख्याला विचार करायला वेळच मिळत नाही. पल्सचं मिग (तार आपोआप पुढे येते ते वेल्डिंग, करंट ठोक्याठोक्याने) चांगलं चालतं, पण ते घरच्या खिशाचं काम नाही. साध्या मिगमध्ये तार नुसती बदलून बघू नका. मऊ तार रोलरपाशी गुंतते आणि तुम्ही दिवसभर घरटं सोडवत बसता.

टिग घेताना दोन गोष्टी बघा. एसीचा बॅलन्स (फेऱ्यात झाडू किती आणि विस्तव किती) आणि फ्रिक्वेन्सी वेगवेगळी बदलता आली पाहिजे, आणि पायाचं पेडल जोडायची सोय हवी. स्क्रीन किती रंगीत आहे ते बघू नका. पेडल नसेल तर दोन मिमीवर पहिले दोन महिने नुसते रडण्यात जातील, कारण ॲल्युमिनियमला सुरुवातीला भरपूर उष्णता लागते आणि शेवटी नको असते. वीज म्हणाल तर शंभर अँपिअरवर काम करताना सिंगल फेजवर साधारण १२ ते १५ अँपिअर ओढले जातात. घरातल्या साध्या प्लगवर चालवू नका. मीटरपासून चार चौरस मिमीची तांब्याची वेगळी लाइन ओढा, तिला ३२ अँपिअरचा एमसीबी लावा आणि महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती आहे ते आधी वाचा. व्होल्टेज १८०-१९० वर उतरलं की बरीच मशीनं बंद पडतात, तेव्हा संध्याकाळची वेळ टाळा.

आर्गन शुद्धच लागतो. मिगसाठी मिळणारं कार्बन डायऑक्साइड मिसळलेलं मिश्रण नाही. घरच्या कामाला दीड घनमीटरचा छोटा सिलिंडर पुरतो. मिनिटाला आठ लिटर धरले तर सलग आर्कचे तीन तास, आणि हौशी माणसाचा प्रत्यक्ष आर्क दिवसाला वीस मिनिटांच्या वर जात नाही. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधा. नेताना रेग्युलेटर काढून टोपी लावा, रिक्षात आडवा टाकून रेग्युलेटरसकट नेणारे मी पाहिलेत.

दोन मिमीसाठी सुरुवात अशी करा: ८० अँपिअर, बॅलन्समध्ये ऋण बाजू ७० टक्के, फ्रिक्वेन्सी १०० हर्ट्झ, लँथनम मिसळलेलं २.४ मिमीचं टंगस्टन (सोनेरी किंवा निळ्या टोकाचं), टॉर्चच्या तोंडाला सहा किंवा सात नंबरचा कप, गॅस आठ ते दहा लिटर. लाल टोकाचं टंगस्टन घेऊ नका. त्यात थोरियम असतं, घासताना त्याची धूळ किरणोत्सारी असते, आणि एसीवर ते तसंही नीट चालत नाही. आर्क सुटल्यावर गॅस आठ सेकंद तरी वाहू दे आणि तोवर टॉर्च जागेवरून हलवू नका. या आकड्यांना चिकटून राहू नका, जोड बघून बदला. पाइपच्या कोपऱ्यावर ८० जास्त होतात, जाड तुकड्याला लागून असेल तर कमी पडतात.

फिलर रॉडच्या, म्हणजे जोडात भरायच्या रॉडच्या, बाबतीत ६०६३ ला ४०४३ किंवा ५३५६. पहिल्यात पाच टक्के सिलिकॉन. तो पाण्यासारखा वाहतो आणि चीर पडू देत नाही. नवख्यासाठी हाच. दुसऱ्यात पाच टक्के मॅग्नेशियम. जोड थोडा मजबूत येतो आणि नंतर ॲनोडाइज करणार असाल (विजेने वर ऑक्साइडचा जाड थर चढवतात ते) तर रंग जुळतो, ४०४३ चा जोड मात्र काळपट राखाडी पडतो. रॉड न घालता नुसत्या कडा वितळवून जोडायचा मोह होतो, दिसतंही छान. ६०६३ वर ते करू नका. थंड होताना मधोमध केसासारखी चीर जाते, कारण या जातीचं स्वतःचं मिश्रण चिरण्याच्या अगदी टोकावर बसलेलं आहे. रॉड घातला की ते प्रमाण त्या टोकावरून हलतं.

सफाईबद्दल कितीही सांगितलं तरी लोक घाई करतातच. क्रम महत्त्वाचा. आधी ॲसिटोनने पुसायचं, मग स्टेनलेसच्या ब्रशने घासायचं. उलट केलं तर ब्रश तेल धातूत दाबून बसवतो. ब्रश ॲल्युमिनियमसाठी वेगळा ठेवा. त्यावर रंगाने खूण करा आणि घरातल्या कुणी तो गेटाचा गंज काढायला वापरला तर फेकून द्या. रॉडही पुसायचा. पांढऱ्या फडक्यावर काळा पट्टा उमटतो तेव्हा लोकांना पटतं. घासल्यावर त्याच दिवशी वेल्ड करा, कारण साय लगेच परत धरायला लागते. कापायला कार्बाइडचे दाते असलेलं ब्लेड वापरा आणि वर थोडं मेण घासा. घासायचं चाक ॲल्युमिनियममध्ये भरून जातं आणि तापून फुटू शकतं. कानशीत कीस अडकतो, तिला खडू घासून घेतला तर अडकत नाही. एक धोका मात्र लक्षात ठेवाच: ब्रेक क्लीनरसारख्या क्लोरीनयुक्त फवाऱ्याने साफ करून आर्क मारू नका. आर्कच्या किरणांत त्याचा फॉस्जिन होतो. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला तोच वायू.

आता तुमचं पडलेलं खिडकीचं सेक्शन. जात बहुतेक ६०६३ च असते, पण भिंत सव्वा-दीड मिमीची आणि वर ॲनोडायझिंग. हवेत आपोआप धरणारी साय काही नॅनोमीटरची. ॲनोडायझिंग १० ते २५ मायक्रॉनचं, म्हणजे हजारो पट जाड. एसीचा झाडू तिथे थकतो. शिवाय हा थर वीजही वाहू देत नाही, त्यामुळे अर्थचा क्लॅम्प लावूनही आर्क पेटत नाही, आणि पेटलाच तर क्लॅम्पखाली ठिणग्या उडून धातूवर डाग पडतात. जोडाच्या दोन्ही बाजूंना २५ मिमीपर्यंत आणि क्लॅम्पच्या जागेवर ते चमकदार धातू दिसेपर्यंत घासून काढा. एवढं करून ते सेक्शन सरावाला उत्तम. पातळ आहे, चूक लगेच दाखवतं. रॅम्पला लावू नका.

सरावाची पहिली पायरी रॉडशिवाय: सपाट तुकड्यावर नुसतं डबकं तयार करणं. लोखंड लाल होतं, डोळा सावध होतो. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही. आधी काहीच होत नाही, मग पृष्ठभाग अचानक पाऱ्यासारखा चकचकीत होतो आणि दोन सेकंदांनी खाली गळून पडतो. त्या दोन सेकंदांत काम करायचं असतं. चकचकीत ठिपका दिसला की रॉडचं टोक त्याच्या पुढच्या कडेला टेकवायचं, मागे घ्यायचं, टॉर्च दोन मिमी पुढे. रॉड मागे घेताना गॅसच्या छत्रीबाहेर नेऊ नका, नाहीतर गरम टोकावर साय धरते आणि पुढच्या थेंबाबरोबर आत जाते. डबकं चमकत नसेल, वर सुरकुत्या येत असतील, तर सफाई कमी पडली आहे. अँपिअर वाढवून ती चूक झाकली जात नाही. टंगस्टन डबक्यात बुडलं तर, आणि ते बुडणारच, थांबा, पुन्हा घासा. "एवढं चालतं" म्हणून पुढे गेलात तर पुढचे सगळे टाके काळे येतील.

दोन मिमीच्या पट्टीवर निम्मं अंतर गेलात की संपूर्ण तुकडा तापलेला असतो. ॲल्युमिनियम उष्णता लोखंडाच्या तीन-चार पट वेगाने पसरवतं. म्हणून ८० वर सुरू केलेला जोड ६० वर संपवावा लागतो, आणि पेडल त्यासाठीच. शेवट करताना पाय एकदम उचलू नका. थोडा जास्त रॉड घाला, हळूहळू करंट उतरवा. घाईने सोडलेल्या खळग्यात ताऱ्यासारखी चीर पडते आणि पुढे तिथूनच जोड उलगडतो. खाली तांब्याची जाड पट्टी टेकवली तर गळणं बरंच कमी होतं.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण तुम्ही कोकणात आहात. वितळलेलं ॲल्युमिनियम घट्ट ॲल्युमिनियमच्या सुमारे वीस पट हायड्रोजन सामावून घेतं. धातू थिजला की तो हायड्रोजन बुडबुडे होऊन अडकतो आणि कापून बघितलं तर जोडाची चाळण झालेली असते. हायड्रोजन येतो पाण्यातून आणि तेलातून. जुलैत सकाळी पडवीत ठेवलेल्या पाइपवर हात फिरवा, ओल लागते. पाइप आदल्या रात्री घरात आणून ठेवा, सुरुवातीला टॉर्चने हलकेच शेकून ओल पळवा. शेकणं १२० अंशांच्या पुढे नको, नाहीतर "पाणी" आणखी उतरतं. ओला फडका हलक्याने टेकवल्यावर थेंब नुसता सुकायला हवा, तडतडायला लागला तर जास्त झालं. रॉड हवाबंद नळीत ठेवा. आणि पंखा बंद! पडवीतला वारा गॅसची छत्री उडवतो. एक बाजू ताडपत्रीने बंद करा, पण सगळ्या नको. आर्गन हवेपेक्षा जड असतो, कोंदट खोलीत खाली साचतो आणि त्याला वास नसतो.

चमकदार ॲल्युमिनियमवरून किरण उलटे फिरून हनुवटीखाली मान भाजते. लोखंडाच्या कामात हे इतकं होत नाही. बंद गळ्याचा जाड सुती सदरा घाला, काच दहा किंवा अकरा नंबरची. तुकडा गरम आहे की गार हे दिसत नाही, म्हणून मी खडूने त्यावर "गरम" लिहून ठेवतो. घरात लहान मुलं असतील तर हे नक्की करा.

तुमच्याकडे टिग आलंय हे कळलं की शेजारी कुकरचा तुटलेला कान, दुचाकीच्या इंजिनाचं फुटलेलं कव्हर आणि पेट्रोलची टाकी घेऊन येतील. कुकर दाबाखाली चालतो, सरळ नाही म्हणा. इंजिनाचं कव्हर बहुतेक डायकास्टचं, म्हणजे साच्यात दाबाने ओतलेलं, त्यात ओततानाच हवा अडकलेली असते आणि वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. आर्क लागला की ते फसफसतं. पहिलं वर्षभर त्याला हात लावू नका. टाकीबद्दल मी काही सांगतच नाही, ती घरात येऊच देऊ नका. मोबाइलवर गॅसच्या शेगडीवर वितळणारे रॉड दाखवतात, ते बहुतेक जस्ताचे. पाणी घालायच्या झारीला ठीक. माणूस बसणार त्या वस्तूला नाही.

रॅम्प बांधायचा क्रम असा ठेवा. बाजूच्या दोन पट्ट्या ७५×३८ च्या उभ्या, एकूण रुंदी ८० सेंमी. त्यांच्यामध्ये ३८×२५ चे आडवे पाइप पालथे, म्हणजे उंची २५, साधारण ३० सेंमीवर एक, एकूण सात. हे आडवे पाइप बाजूपट्टीच्या उंचीच्या बरोबर मधोमध लावा, वर किंवा खाली कडेला नाही. वाकताना पट्टीची वरची आणि खालची कड सगळा ताण घेते, मधला भाग जवळपास मोकळा असतो. वेल्ड मधोमध असला की मऊ पडलेला पट्टा कडेपर्यंत जेमतेम पोहोचतो. शिवाय आडव्या पाइपवर पत्रा बसवल्यावर बाजूपट्टी वर वीस-बावीस मिमी उरते, त्यामुळे चाक घसरून बाहेर जात नाही.

लांबीच्या मधल्या ६० सेंमीत एकही वेल्ड नको. तिथले आडवे पाइप एल-आकाराच्या क्लीटने आणि ४.८ मिमीच्या ॲल्युमिनियमच्या रिव्हेटने बसवा, तेही उंचीच्या मधोमध. रिव्हेट पाहून कुणी नाक मुरडलं तर सांगा की विमानांची अंगं अजूनही मुख्यतः रिव्हेटवरच उभी आहेत. टोकाचे आडवे पाइप वेल्ड करा. तिथे ताण कमी असतो आणि तुमची हौसही भागते. आधी सगळीकडे छोटे टाके, गुण्या लावून काटकोन तपासा, कर्ण मोजा, मग एकदा डावीकडचा आणि एकदा उजवीकडचा असे जोड पुरे करा. एका बाजूने सलग करत गेलात तर चौकट पतंगासारखी तिरकी होते. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या दुप्पट पसरतं, तेवढंच आखडतं.

वर तीन मिमीचा चेकर्ड पत्रा, आडव्या पाइपांना रिव्हेट करून. क्लीटच्या रिव्हेटांची सोडली तर बाजूपट्टीला मधल्या भागात आणखी भोकं पाडू नका. वरच्या टोकाला ओट्यावर टेकणारी जीभ आणि खालच्या टोकाला जमिनीला लागणारी पट्टी बोल्टने लावा. स्टेनलेसचे बोल्ट घेतलेत तर मध्ये नायलॉनचा वॉशर ठेवा, समुद्राकाठी दोन धातू उघडे टेकले की ॲल्युमिनियम झिजतं. सगळं मिळून वजन १८ किलोच्या आसपास जाईल. एकट्याने ओढता येतं, उचलायला दोघं बरे.

पण त्याआधी तुकड्यांवर परीक्षा घ्या. दोन पट्ट्या टी-आकारात उभ्या करा, एकाच बाजूने वेल्ड करा, गार होऊ द्या, वाइसमध्ये धरून हातोड्याने वेल्डच्या बाजूला पाडा. जोड फुटला तर आत बघा. मुळाशी सरळ चमकदार रेघ दिसली तर कड वितळलीच नव्हती. भोकं दिसली तर ओल किंवा तेल. दहा तुकडे लागोपाठ चांगले आले की मगच नवा पाइप कापा.

रॅम्प झाला की दोन टोकं विटांवर टेकवून ठेवा. बाजूपट्टीच्या वरच्या कडेवरून टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणून बांधा. मधोमध सिमेंटची तीन पोती ठेवा, म्हणजे दीडशे किलो. पट्टी चार मिमीच्या आसपास झुकायला हवी. पोती रात्रभर राहू द्या आणि सकाळी उतरवून पुन्हा मोजा. दोरी आणि पट्टीतलं अंतर पूर्वीइतकं झालं तर आईंना त्यावरून न्या. मिलिमीटरभर जरी झुकाव मागे राहिला, तर वेल्डच्या शेजारचा अंगठाभर भाग बोटाने चाचपून बघा आणि तो भाग कापून नव्याने करा.